आडोसा

उल्का, सायकल नेऊ नकोस असं मी म्हणत नाही. आधी ऐक, मग ने. वीज यायला अजून अवकाश आहे. मेणबत्ती तेवढी खिडकीपासून इकडे सरकव... नको, राहू दे तिथेच. तिथेच बरी आहे.

उद्या पहाटे तू एकटी निघणार, माझीच सायकल घेऊन, माझ्याच रस्त्याने. मावशीचा मला फोन आला होता, "मैत्री, तू मोठी आहेस, तिला समजाव." मी काय समजावणार? सात वर्षांपूर्वी मला समजवायला आलेल्या एकूण एक माणसाला मी वाटेला लावलं होतं.

तेव्हा मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचाच पगार घ्यायचा, पुण्यात जन्मलेल्या माणसाला याहून सोपी नोकरी नाही. सुट्टी मात्र भांडून मिळवावी लागली. पुणे ते अजिंठा, सायकलवर, एकटीने. पहिल्या दिवशी फक्त शिक्रापूर, बापूमामाकडे मुक्काम. आईने डबा दिला, वाघोलीहून फोन कर म्हणून बजावलं आणि दारात उभी राहून म्हणाली, "एकटी जातेस ना? मग परतही एकटीच ये. कुणाला बरोबर घेऊन येऊ नकोस." तिला ऑफिसातल्या मुलांचा संशय होता. मी हसत हसत जिना उतरले.

सकाळीच निघायचं होतं, पण ऑफिसातून बोलावणं आलं आणि निघेपर्यंत दुपार कलली. डिसेंबरचा दिवस, तो किती पुरणार? मुंढव्यावरून खराडीला आले. तिथे काचेच्या इमारतींचे तेव्हा नुसते सांगाडे उभे होते. नगर रस्त्याला लागले आणि वारा समोर आला.

काय वारा होता! गाल बधिर झाले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कानांत एकसारखं घोंघों. दाताखाली खडी फोडणाऱ्या क्रशरची धूळ करकरत होती. जेवढं पायडल मारावं तेवढं कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे रेटत होतं.

रविवारी आम्ही राहिल नावाच्या मित्राच्या सायकल-ग्रुपबरोबर जायचो. त्याने शिकवलेलं तुलाही ठाऊकच आहे, तुमचाही ग्रुप आहे. समोरून वारा असला की एकामागे एक, चाकाला चाक लावून चालवायचं. पुढचा वारा खातो, मागच्याला आडोसा मिळतो. पुढचा दमला की उजवं कोपर जरा बाहेर काढून हलवतो, मग मागचा पुढे येतो. मागे राहणाऱ्याने नजर पुढच्याच्या चाकावरून हलवायची नाही. रस्ता पुढच्याने बघायचा.

वाघोलीच्या अलीकडे माझ्यात काही उरलं नाही, आणि सवयीने मी कोपर हलवलं.

वारा थांबला.

रस्त्याकडेच्या बाभळी वाकलेल्याच होत्या. समोरून ट्रक गेला, त्याची ताडपत्री फडफडत होती. माझ्या तोंडावर मात्र झुळूकसुद्धा नाही. आडोशात असलं की पुढच्या माणसाच्या घामाचा वास येतो, आठवतंय ना? मला वास आला तो ओल्या दगडाचा.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! पाय हलके झाले, सायकल आपसूक पळायला लागली. माझी नजर पुढे हातभर अंतरावर खिळली, जिथे पुढच्याचं चाक असायला हवं तिथे. तिथे काही नव्हतं, उल्का. नुसता रस्ता सरकत होता. पण नजर उचलता येईना.

वाघोली कधी आली, कळलंच नाही. आईचा फोन राहून गेला. हॉर्न विरळ झाले, उजेड उतरला. टायरखालचा डांबराचा आवाज जाऊन खडीचा यायला लागला, तेव्हा आपण मोठा रस्ता सोडलाय हे मला कळलं होतं. कळूनही मी त्याच्यामागे चालले होते...

"आवं ताई! थांबा! म्होरं खाण हाय!"

दोन्ही ब्रेक दाबले. सायकल फरफटत जाऊन थांबली, तेव्हा पुढचं चाक अर्धं हवेत होतं. खडे खाली गेले. पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

खाणीवरचा राखणदार होता, गेनबा नावाचा. त्याने धावत येऊन कॅरिअर धरलं आणि मला मागे ओढलं. बघत मात्र होता खालच्या काळ्या पाण्याकडे.

"तुमच्या म्होरलं माणूस कुठं गेलं?"

"कुठलं माणूस? मी एकटीच आहे."

"न्हाई... सायकलीवर हुतं की. वाकून चालवत हुतं. म्या आधी त्यालाच हाक मारली..." तो खाली वाकला, पुन्हा सरळ झाला. "आन् पाणी तर हाललं न्हाई."

मी तिथूनच बापूमामांना फोन केला. ते जीप घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सायकल टेंपोत टाकून मी घरी परतले. आईने दार उघडलं. "आलीस? एकटीच ना?"

मी हो म्हणाले. सायकल तीन जिने चढवून घामाघूम झाले होते, म्हणून तिने पंखा पाचवर केला. तिचा पदर उडत होता. माझा एक केस हलला नाही.

तेव्हापासून वारा माझ्या तोंडाला लागलेला नाही. पंख्याखाली नाही, टेकडीवर नाही, बसच्या खिडकीत नाही. मैत्रीताईला फार उकडतं म्हणून तुम्ही सगळे मला चिडवता. राहिलला एकदा मी सहज म्हणून विचारलं, पुढे गेलेला परत मागे आलाच नाही तर? तो म्हणाला, "मग कुठे जायचं ते तो ठरवणार." म्हणून मी कुठे जातच नाही. ऑफिस आणि घर. अजिंठा अजून पाहिला नाही, पाण्याजवळ तर उभीही राहत नाही. सात वर्षं मी भीत भीत जगलेय, उल्का.

आज संध्याकाळी तू म्हणालीस, सोसायटीत दोन चकरा मारून बघते. म्हटलं, चकराच तर आहेत. मी गॅलरीतून बघत होते. फाटकाजवळ वळताना तू उजवं कोपर हलवलंस. सवयीने, हो ना? मागे कुणी नव्हतं.

त्याच क्षणी माझ्या तोंडावर वारा आला. गार, सरळ, भरभरून. मला रडू फुटलं, आनंदाने. मग मी खाली तुझ्याकडे पाहिलं आणि वर ये म्हणून तुला हाका मारायला लागले.

"ताई, उगाच घाबरवू नकोस हं मला."

घाबर, बाई. घाबरलीस तर देव पावला म्हणेन. फक्त एक सांग. खिडकी तुझ्या तोंडासमोर आहे, सताड उघडी. पडदा बघ कसा उडतोय. मी इथे कोपऱ्यात बसून कुडकुडतेय... तुला लागतोय का वारा?

विझली बघ मेणबत्ती. असू दे, काडेपेटी नंतर शोधू. आधी बोल.

उल्का?

"वारा नाही लागत, ताई... पण हा ओल्या दगडाचा वास कुठून येतोय?"