लॅपटॉप बिघडेचना

"कूलरपुढं माणसं बसवा ना, बाप्पा... मशीन कायले बसवता!"

तो स्वतःशीच पुटपुटला होता. पण सिंदी मेघेतलं ते दुरुस्तीचं दुकान इतकं अरुंद, की काउंटरच्या अलीकडं उभ्या गुंजनला ते कानात सांगितल्यासारखं ऐकू आलं.

"मले म्हटलं का?"

त्यानं मान वर केली. कपाळावर सरकवलेलं भिंग, आणि त्याखाली ते डोळे... गुंजननं घाईघाईनं आपल्या लॅपटॉपकडं पाहिलं. तो बिचारा सगळा उघडा पडला होता.

"लय तापते म्हणून ठेवला," ती म्हणाली. "आमच्या नालवाडीत माणूस तापला का कूलरपुढंच बसवतेत."

"माणसाले ओल्या हवेनं गंज नाई चढत, मॅडम."

आणि तो हसला.

वर्ध्याचा मे महिना काही प्रेमात पडण्याचा नव्हे; माणूस नुसता जगला तरी पुष्कळ. पण गुंजन त्यानंतर दुकानात जातच राहिली. कधी पंखा घरघरतो म्हणून, कधी बिजागरी सैल वाटते म्हणून. प्रफुल — दुकान त्याचंच — मऊ ब्रशनं आतली धूळ काढी आणि समजावून सांगे. गादीवर ठेवून चालवू नोका, खालून हवा जाऊ द्या. चार्जर रात्रंदिवस लावून ठेवू नोका. स्क्रीन कोपऱ्याले धरून उघडू नोका, मधात धरा — असं. दाखवताना त्याची बोटं तिच्या बोटांशेजारी आली... आणि तिथंच थांबली.

"असं वागवसान, तर वर्षानुवर्षं टिकन."

गुंजन ऑनलाइन शिकवण्या घेणारी. सांगितलेलं ऐकावं, हे ती रोज पोरांना शिकवी. तिनं सगळं ऐकलं. लॅपटॉपखाली पाट आला, कूलर दुसऱ्या खिडकीला गेला. आणि मग लॅपटॉप बिघडेचना! धडधाकट मशीन घेऊन दुकानात जायचं कोणत्या तोंडानं? कधीतरी काहीतरी मोडेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. पाऊस सरला, थंडी आली, आणि घरच्यांनी अमरावतीचं स्थळ आणलं. ती 'हो' म्हणाली नाही. 'नाही'ही म्हणाली नाही. लग्न ठरलं.

तेव्हा कुठं ती दुकानात गेली. प्रफुलची आई, कौशल्याबाई, आत स्टुलावर बसली होती.

"अमरावतीले चालली मी... लग्न हाय. जायच्या आधी एकदा पाहून द्या."

प्रफुलनं लॅपटॉप खोलला. बराच वेळ आत पाहत राहिला.

"काईच नाई झालं याले."

"तुमी सांगितलं तसंच वागवलं."

"मले वाटलं, दुसरं दुकान धरलं तुमी."

"मले वाटलं, बिनकामाचं गिऱ्हाईक तुमाले नाई आवडत."

"काम काय... काढलं असतं काई तरी."

कौशल्याबाईनं दोघांकडं पाहिलं आणि पदर सावरला. "तिकडचा पोरगा चांगला हाय ना, बाई?"

"चांगला हाय."

"मंग चांगलंच झालं."

सगळे चांगलंच बोलत होते. प्रफुल एकेक स्क्रू बसवू लागला, इतक्या सावकाश, की जणू हात कामच विसरले होते. शेवटचा स्क्रू त्यानं उचलला, तसा गुंजननं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"प्रफुल..." नावानं हाक, पहिल्यांदाच. "मले तुमी आवडता. तवाच सांगायले पाह्यजे होतं मी. नाई सांगितलं."