रिकाम्या खाटेवरचा पेशंट

पटो वा न पटो, हे घडलंय.

ज्या साली बोंडअळीनं यवतमाळचा कापूस फस्त केला, त्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. माझी मोठी बहीण ममता तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. जे बरे होणार नाहीत, त्यांचं दुखणं तरी कमी करायचं, हे तिच्या वॉर्डाचं काम.

खिडकीजवळच्या खाटेवरचे देवसिंग त्या दिवशी सकाळी गेले. कॅन्सर होता. मॉर्फिन संपलेलं, नवं आलं ते दुपारी. ममता स्टोअरवाल्याशी कडाकडा भांडली होती, पण देवसिंग तळमळतच गेले.

दिवेलागणीला शेजारच्या खाटेवरच्या डोमाजींना औषध देऊन ती वळली, तोच...

कण्हण्याचा आवाज.

डोमाजी तर गप्प होते.

आवाज खिडकीजवळून येत होता. खाट रिकामी. चादर नुकतीच बदललेली...

डोमाजींची बायको पंचफुलाबाई पिशवी भरायला लागली. "आमी भूत मानत नाही, ताई. पण इथं राह्यत नाही. घरी नेतो यायले."

"तुमच्या बाभुळगावात हे औषध भेटते काय, मावशी? रातभर वरडतीन ते."

पंचफुलाबाईंचे हात थांबले, पण पिशवी सुटली नाही.

कण्हणं वाढलं. ममताच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि मग तिचं डोकंच सटकलं. जिवंतपणी या माणसाला कुणी सुख दिलं नाही, आता मेल्यावर त्यालाच भ्यायचं?

तिनं स्टूल ओढलं आणि रिकाम्या खाटेपाशी बसली.

"काकाजी, मी हाय इथंच. मेले म्हणून काय झालं? तुमी अजून माह्येच पेशंट हाय."

कोरड्या ओठांना लावायचा कापसाचा बोळा तिनं वाटीतल्या पाण्यात भिजवला. उशीवर, तोंड असायचं तिथं धरला.

बोळा कोरडा झाला...

उशीवर थेंबसुद्धा नव्हता.

पुन्हा भिजवला. पुन्हा कोरडा. तरी तिनं हात मागे घेतला नाही.

हळूहळू कण्हणं थांबलं. डोमाजींचा डोळा लागला. पंचफुलाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

ममता उठली, तेवढ्यात भिंतीजवळच्या रिकाम्या खाटेवरून बाईचा आवाज आला.

"ताई... मले बी."

मग दाराजवळून. मग बाहेरच्या व्हरांड्यातून, जिथं खाटच नव्हती...

ममतानं वाटी पुन्हा भरली. "येते. एकेकाकडं येते. पण माह्या जित्या माणसायले त्रास द्यायचा नाही."

परवा संध्याकाळी मी तिला फोन केला. मागून कितीतरी जणांचं कण्हणं येत होतं.

"वॉर्ड भरला वाटते?"

"नाही रे," ती म्हणाली. "आज एकच पेशंट हाय. अन् तो झोपला."

फोन मीच ठेवला.