तीट लावलेल्या फरश्या

चांद्रवसाहतीच्या पाळणाघरात हवेचा दाब उतरू लागला आणि दाबदरवाजा आपोआप बंद झाला. आत राहिल्या शलाका आणि खेळण्यांपाशी बसलेली तिची दहा महिन्यांची रेवा. गळती थांबेपर्यंत दार उघडणार नव्हतं.

जमिनीत कुठेतरी केसाएवढी भेग गेली होती. ती शोधत बसण्यापेक्षा एकेक करत सगळ्या फरश्या लिंपायच्या, ते काम 'लेपक' या वीतभर यंत्राचं. पण लेपक मघापासून दोनच फरश्यांवर ये-जा करत होता.

"नोएल, काय लिहून ठेवलंयस रे हे?" शलाकाने दाराजवळच्या पडद्यावर आज्ञावली उघडली.

"पूरभरण. साधं आहे गं," नियंत्रण कक्षातून तिचा सहकारी नोएल तुस्कानो म्हणाला. "फरशी लिंपायची, मग चारही शेजारणींकडे जाऊन तेच करायचं."

"आणि शेजारणीची शेजारीण कोण? मघाचीच फरशी! तो परत तिच्याकडेच जातोय. परतीची प्रत्येक वाट लक्षात ठेवता ठेवता स्मृती भरते, मग बंद पडून पुन्हा पहिल्यापासून."

"अरे देवा! लिंपलेल्या फरश्यांची यादी देऊ त्याला?"

"ती ठेवेल कुठे? फरशीवरच खूण करू दे. पोचताक्षणी शाईचा काळा ठिपका, मग त्यावर पारदर्शक लिंपण, मग शेजार. ठिपका दिसला की माघारी."

"फरश्यांना तीट लावतेस?"

"लावते. हस खुशाल."

रेवाला कडेवर उचलून घेऊन शलाकाने एका हाताने आज्ञा बदलली. आवाज शांत होता, रेवाभोवतीचा हात मात्र घट्ट झाला होता. लेपक निघाला. भिंतीशी वळला, ठिपक्यांशी वळला, शेवटी पहिल्या फरशीवर येऊन थांबला.

दाब अजून उतरतच होता.

"सगळीकडे ठिपका दिसतोय गं," नोएल म्हणाला.

"थांब." शलाकाने नजर फिरवली. सगळे ठिपके शिक्क्यासारखे गोल. खेळण्यांपाशी एकच फराटलेला. तिने रेवाकडे पाहिलं. गालावरची तीट अर्धी पुसलेली, बोट काळंकुट्ट.

शलाकाला हसूच आलं. ओढणीचं टोक ओलं करून तिने फरशी स्वच्छ पुसली. चहूकडे ठिपके असल्याने लेपक आपणहून तिथे येणार नव्हता. तिने तो उचलून त्या फरशीवर ठेवला. लेप पसरला. दाबमापकाचा काटा थरथरला, स्थिरावला. दार उघडलं.

नोएल धावतच आला. "धन्य आहेस बाई! यंत्राचीसुद्धा नजर लागू दिली नाहीस."

"उद्या लेपकाची शाई हिरवी कर," रेवाचं बोट पुसत शलाका म्हणाली. "तीट काळीच राहणार."