सही नंतर घेईन

"सही नंतर घेईन, आधी आजींचा जीव! बघत काय बसलात? मास्क धरा!"

आजींना दम्याचा जोरदार झटका आला होता. ड्युटीवरचे डॉक्टर वरच्या मजल्यावर अडकले होते, आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय नेब्युलायझर लावायचा नाही, हा आमच्या हॉस्पिटलचा नियम. मी तो खुशाल मोडला. स्टुलावर बसलेला तरुण आजींचा नातू असणार, असं मी धरूनच चालले होते. त्याने मुकाट्याने मास्क धरला. आजींच्या छातीतली घरघर हळूहळू कमी झाली, तेव्हा तो हसून म्हणाला, "सिस्टर, सही मीच करतो. आजच रुजू झालोय."

"तुम्ही डॉक्टर? मग आधी का नाही सांगितलंत?"

"बोलू दिलंत का?"

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, ते काही खोटं नाही. पण त्याचे ते हसरे डोळे...

पुढे दम्याच्या उपचारांचा प्रोटोकॉल लिहायचं काम त्याच्याकडे आलं. झटका आलेल्या पेशंटला कुणी, कधी, काय द्यायचं, ते पायरीपायरीने. मसुदा त्याने आधी मला दाखवला. पहिलीच पायरी – 'डॉक्टरांची वाट पाहावी.' मी लाल पेनाने काट मारली.

"तोवर पेशंटने श्वास काय उसना आणायचा?"

"पुरावा द्या, सिस्टर. मंजुरी देणारी समिती तुमच्या डोळ्यांना भुलणार नाही."

"आणि तुम्ही?"

तो कानापर्यंत लाल झाला. मला तो आवडला, आडपडदा कशाला ठेवू?

महिनाभर आम्ही जुने केसपेपर उपसले. निव्वळ सहीसाठी सरासरी बावीस मिनिटं! पुढच्या आजींना नशिबावर सोडायची माझी तयारी नव्हती. समितीत मोठ्या डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नर्सने परस्पर औषध द्यायचं? काही झालं तर?"

तो उठला. "जबाबदारी माझी. पण आकडे सिस्टरच सांगतील."

मी सांगितले, एकही न अडखळता. महिनाभर करून बघायला परवानगी मिळाली. बावीसची चार मिनिटं झाली, कुणालाही अपाय झाला नाही, आणि अखेर प्रोटोकॉल मंजूर झाला.

त्या दुपारी तो जिन्यात थांबला. "सिस्टर, मला... म्हणजे – तुमची हरकत नसेल तर..."

"धाप लागली का?"

"हो... नाही – तुम्ही समोर आलात की..."

मी पाच सेकंद वाट पाहिली. मग मला माझीच लाल काट आठवली.

"डॉक्टर, लग्न कराल माझ्याशी?"

तो घाईघाईने खिशातलं पेन काढत म्हणाला, "करतो! सही कुठे करू?"

"सही नंतर घेईन," म्हणत मी त्याचा हात धरला.