रिकाम्या रकान्यातला मजकूर

भाषांतरवाल्या ताई त्या दुपारी रुग्णालयाच्या तळघरात उतरल्या त्या अगदी साध्या कामासाठी. नोंदींच्या नव्या सॉफ्टवेअरचं मराठी त्यांनी केलं होतं. ते पडद्यावर नीट दिसतंय का, एवढंच पाहायचं होतं. रकान्यात माहितीच नसेल तर तिथे काय दिसावं, यावर त्यांनी दोन दिवस डोकं शिणवलं होतं. पत्ता ‘रिकामा’, तारीख ‘रिकामी’, वय ‘रिकामं’. एकच रूप कुठे कुठे पुरं पडणार? शेवटी ‘नोंद नाही’ हे शब्द सापडले. सगळीकडे चपखल.

नोंदणी कारकून, ज्यांना सगळे काकाच म्हणत, एकेक रुग्ण उघडून दाखवत होते. फिनेलचा आणि दमट कागदांचा वास, पंख्याची घरघर. ताई खुशीत होत्या.

मग पडद्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बेशुद्ध बाईची नोंद आली. रस्त्यात सापडलेली, ना नाव ना गाव. सगळे रकाने ‘नोंद नाही’. फक्त ‘नातेवाईक’पुढे दिसत होतं : ‘निघालाय’.

ताईंनी लगेच प्रोग्रामरला फोन लावला. त्याने शोधून सांगितलं, असा शब्द फाईलमध्ये कुठेच नाही. आणि तो रकाना तर कोराच आहे.

“ताई…” काकांचा आवाज खाली गेला.

पडद्यावर आता होतं : ‘दुसऱ्या मजल्यावर पोचलाय’.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. ताईंच्या मानेवर काटा आला. तरी हे काम त्यांनी वीस वर्षं केलं होतं. असा मजकूर दिसतो तो रकाना रिकामा असेपर्यंतच.

“काका, माझं नाव टाका तिथे.”

“अहो, पण नातं…?”

“बहीण. टाका लवकर.”

काकांनी नाव घातलं. मजकूर गेला. पंख्याची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली. ताईंनी मोठा श्वास घेतला, जमलं होतं.

तेवढ्यात वरून सिस्टरचा फोन आला. बाई शुद्धीवर आली होती, पाणी मागत होती. काकांचे डोळे भरून आले.

“आणखी काही म्हणाली का?” ताईंनी विचारलं.

सिस्टर जराशी अडखळली. “म्हणते, न्यायला आलेला माणूस दारातूनच परत फिरला… खाली बहीण बसलीये, आता तिलाच घेऊन जातो म्हणाला.”