तीस मीटरचा टेप

शिक्षणखात्याचे साहेब आज येणार, उद्या येणार, म्हणून लुंबिनी आठ दिवसांपासून फाटकाकडं डोळे लावून होती. नायगाव तालुक्यातली ती वस्ती, वस्तीच्या तोंडाशी दोन खोल्यांची शाळा, अकरा लेकरं, आणि त्यांना शिकवणारी ही एकटी. वरून कागद आला होता. पट कमी आहे, एक किलोमीटरच्या आत ओढ्यापलीकडं मोठी शाळा आहे, तर ही बंद करून लेकरं तिकडं पाठवायची. हरकत असेल तर सोमवारपर्यंत सांगा. शाळा गेली की हिची बदली कुठल्या कुठं… आणि लेकरं? त्यातली निम्मी घरीच बसणार, हे सांगायला काही मोठं शिक्षण लागत नाही.

म्हणून त्या दिवशी खांद्याला बॅग अडकवलेला एक उंच माणूस फाटकातून आत आला, तेव्हा तिनं काही विचारलंच नाही. लेकरं उभी केली, स्वागतगीत म्हणायला लावलं, कपाटातली शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली. भादव्याचं ऊन, त्यात दमट वाफ. तो बिचारा शालीत घामाघूम, पण लेकरांचं गाणं संपेपर्यंत हलला नाही.

“सर, आमची शाळा बंद करू नका…”

“मी? मी कशाला करू?”

“तुम्ही साहेब ना?”

“न्हाई हो. मी आनंदराज. शिरूर अनंतपाळचा. शाळांवर लिहितो, बस.”

खिचडी शिजवणारी सरजाबाई दारातच होती. हातातला पळा तसाच धरून ती खो खो हसली. “अगं मॅडम, भलत्याच नवरदेवाला आहेर केलास की!”

लुंबिनीचे कान तापले. “द्या ती शाल इकडं. शाळेची हाय. एकच हाय.”

त्यानं शाल काढली, काठाला काठ जुळवून घडी घातली आणि दोन्ही हातांनी दिली. पुरुषमाणसाला एवढी नीट घडी घालता येते, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. पाहिलं, आणि मग उगीच खडूचा डबा आवरायला लागली.

तो दर महिन्याला चार पानांचा अंक काढायचा. लातूरला छापायचा, एसटीनं हिंडून वाटायचा. पक्ष नाही, संस्था नाही, जाहिरात नाही.

“मग तुमचं ऐकतं कोण?” तिनं विचारलं.

“फारसं कुणी न्हाई. म्हणून तर खरं लिहायला जमतं.”

“आणि लिहिता काय?”

“चार लहान शाळा मोडायच्या, एक मोठी करायची, तिथं भिंतीला टीव्ही लावायचा आणि म्हणायचं सुधारणा झाली. ज्यांनी हे ठरवलं ते त्या वाटेनं एकदा चालले का, एवढंच विचारतो. तुमची वाट कुणी मोजली?”

“नकाशावर मोजली. सहाशे मीटर.”

“ओढ्यावरून उडत?”

आठ दिवसांत ती पहिल्यांदा हसली. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडते, हे त्यानं पाहिलं. वहीत मात्र लिहिलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची. सुटायच्या वेळेला तो परत आला, हातात प्लॉट मोजायचा तीस मीटरचा टेप घेऊन. ठरलं असं की शून्याचं टोक तिनं धरायचं, तो टेप सोडत पुढं जाणार. टेप ताणला की त्यानं दोनदा ओढायचं, म्हणजे ‘या’; मग तिनं निघायचं, आणि प्रत्येक टेपाला एक खडा पिशवीत टाकायचा. आता सांगा, दोन माणसं एका वाटेनं चाललेली, आणि मधे कायम तीस मीटर!

“मॅडम, डी.एड. कुठं झालं?” तो तिकडून ओरडला.

“औशाला! हळू बोला, रानात माणसं हायेत!”

“एवढ्या लांबून हळू कसं बोलू?”

“मग बोलू नका!”

“लग्न झालं का, एवढंच विचारायचं होतं!”

सोयाबीनमधल्या बायकांनी वाकलेल्या कमरा सरळ केल्या. लुंबिनीनं टेपाला असा हिसका दिला की तो दोन पावलं मागं आला. पण पुढच्या टेपाला, खडा टाकता टाकता, नुसतीच मान हलवली… नाही म्हणून. तीस मीटरवरून त्याला ते बरोबर दिसलं.

चिखल, पुलाचा वळसा, परत चिखल. मोठ्या शाळेच्या दारात बसून तिनं खडे मोजले. बत्तीस. वर वीस मीटर. तिनं परत मोजले. बत्तीसच.

“नऊशे ऐंशी,” तो हळूच म्हणाला.

किलोमीटरला वीस कमी.

“वीसच मीटर हायेत हो. एक हजार वीस लिहा. कोण मोजायला येतंय?”

“न्हाई जमायचं.”

“माझी अकरा लेकरं एकीकडं, अन् तुमचे वीस मीटर एकीकडं?”

“त्यांनी नकाशावर खोटं मोजलं म्हणून मी भांडतो, मॅडम. मीच रस्त्यावर खोटं मोजलं, तर कोणत्या तोंडानं भांडू?”

“मग चाटत बसा तुमचं खरं!”

ती वळली आणि तरातरा निघाली. तो फाट्याकडं गेला. डोळे पुसत पुसत ती वस्तीवर आली, शाळेला कुलूप लावलं आणि रोजच्यासारखी किल्ली द्यायला सरजाबाईच्या घरी गेली. घर वस्तीच्या पार शेवटाला. रोज ती ही वाट चालायची, पण आज रागात पावलं मोजत चालली होती. किती मोजली, सरतच नव्हती.

सरजाबाई नातीची वेणी घालत होती. “मॅडम, ह्या सृष्टीला त्या शाळेत धाडायचं म्हणल्यावर, हितून किती वाजता काढू मी हिला?”

हितून.

लुंबिनी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली. मग फोन काढला.

“कुठं हाव तुम्ही?”

“फाट्यावर. बस आली.”

“सोडा ती. टेप घेऊन या. आपण भलत्याच दारातून मोजलं.”

“भलत्याच म्हणजे?” मागं बसचा आवाज.

“शाळा कुठं चालत जाती का हो? लेकरू जातं… घरून निघतं ते!”

तो चिखलातून पळतच आला. सरजाबाईच्या उंबऱ्यापासून शाळेच्या दारापर्यंत सात टेप. दोनशे दहा. त्यात ते नऊशे ऐंशी, म्हणजे किलोमीटरच्या वर एकशे नव्वद. अकरातली नऊ लेकरं ह्याच आळीतली. आनंदराजनं बेरीज तीनदा केली आणि मग असा हसला, जशी त्याचीच शाळा वाचली.

सोमवारी आई-बापांच्या सह्या-अंगठ्यांची हरकत गेली, सोबत मोजणी गेली. त्याच्या अंकात सगळं छापून आलं, पहिले नऊशे ऐंशीसुद्धा. साहेबांचा विश्वास बसेना. ते स्वतः आले, चालले, आणि पुलाजवळच्या चिखलात त्यांचा एक बूट राहिला. तरीही पंधरा दिवस कागद येईना. फाटकाजवळ गाडी थांबली की लुंबिनीच्या हातातला खडू मोडायचा.

मग कागद आला. शाळा तूर्त चालू ठेवावी, पुढील आदेशापर्यंत.

“पुढचा आदेश कधी?” तिनं आनंदराजला विचारलं. तो ऐकल्याबरोबर धावत आला होता.

“कोण सांगावं? येईल तेव्हा परत मोजू.” त्यानं बॅगेतून टेप काढला. “जरा टोक धरा.”

“आता काय मोजायचं राहिलं?”

तो टेप सोडत अंगणातल्या कडुलिंबापर्यंत गेला, ताणला, आणि मग टेप गुंडाळत तिच्याकडं यायला लागला. वीस मीटर. दहा. पाच. दोनवर येऊन थांबला.

“आई विचारून राहिली, नायगावला एवढं काय हाय म्हणून. काय सांगू? का हेही… पुढील आदेशापर्यंत?”

खिचडीच्या चुलीपुढं सरजाबाईचा पळा थांबला.

लुंबिनीनं खाली पाहिलं. शून्य तिच्या अंगठ्याखालीच होतं. तिनं टेप दोनदा ओढला.