नंबर तेवीस

मनू, तुझ्या बहिणीची सहल उद्या पहाटे निघणार ना? मनालीला? मग बस इथे. स्वप्नील, तो मोबाइल ठेव खाली, लाइट आले की घे हवा तेवढा. काय म्हणालास? टेन्शन नका देऊ? ऐक तर आधी.

ही गोष्ट आमच्या शाळेतल्या नॉर्मन सरांच्या बाबतीत घडलेली आहे, आणि त्या शाळेत मी एकतीस वर्षं क्लार्क होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवावरसुद्धा कामापुरताच. तरी सांगतो.

१८ जानेवारी २०२०, शनिवार. नॉर्मन सर पी.टी. शिकवायचे, दादरला राहायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून काढलेलं काम एवढंच होतं, शाळेच्या कपाटात वर्षभर पडून असलेली एका मुलाची सॅक गिरगावात फणसवाडीत त्याच्या आईला नेऊन द्यायची. संध्याकाळी सातला ते गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि जिना चढले रात्री साडेदहाला. मधले साडेतीन तास समोरच्या फुटपाथवर उभे होते. पाय उचलेना माणसाचा.

बरोबर एक वर्ष आधी नववीची सहल हिमाचलात गेली होती. अडतीस पोरं. आपल्या गिरगाव-परळच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळी बर्फ खातच सुटली. दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या एका गावात गरम पाण्याचं कुंड होतं, तिथे नेलं. आजूबाजूला गुडघाभर बर्फ आणि मधे वाफाळतं पाणी. पोरं बाहेर यायला तयार नाहीत. चार वाजता आभाळ भरलं, बर्फ पडायला लागला. ड्रायव्हर घाई करायला लागला, म्हणून सरांनी सगळ्यांना बसमध्ये कोंबलं आणि मोजणी घेतली.

सरांची मोजणी ड्रिलसारखी. सर यादी हातात घेऊन टिक करत जाणार आणि पोरं आपापला नंबर ओरडणार. एक, दोन, तीन, थेट अडतीसपर्यंत. सरांची मान खाली. पंचवीस वर्षं त्यांची हीच पद्धत. आणि पोरांचीही तेवढीच जुनी पद्धत होती, की दोस्ताला उशीर झाला तर त्याचा नंबर आपण मारायचा. तुम्ही कॉलेजात प्रॉक्सी मारता ना, तसंच.

तेवीस नंबर अनिशचा. तो बसमध्ये नव्हता. आईनं विणलेला मफलर कुंडावर राहिला म्हणून मागे धावला होता. त्याचा दोस्त सौमित्र, त्याला वाटलं येईलच इतक्यात. ओरडला, तेवीस. बस हलली तेव्हा घाबरला. सांगितलं तर मार पडेल म्हणून गप्प बसला. अर्ध्या तासानं रडत रडत सांगितलं, तोवर मागचा रस्ता बर्फानं बंद झाला होता.

अनिश ओल्या केसांनी बसच्या मागे चालत निघाला होता. सकाळी सापडला.

थांबा रे... एक मिनिट.

हं. शाळेनं अहवाल केला. ‘विद्यार्थी सूचना न देता मागे राहिला.’ ते वाक्य मी टाइप केलं. कमिटीनं सांगितलं, मी केलं. सरांना ताकीद मिळाली, त्या घरी जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मेलेल्या पोराच्या माथी खापर फोडून आम्ही सगळे मोकळे झालो.

तर साडेदहाला सरांनी दार वाजवलं. अनिशच्या आईनं, नलूताईंनी उघडलं. नवरा आधीच गेलेला, बाई एकटीच. सॅक घेतली, उराशी धरली, उघडली नाही. ‘बसा सर,’ म्हणाल्या. ‘पाणी तापलंय, तेवढं मोरीत ठेवून येते.’

एवढ्या रात्री पाणी कशाला, हे सरांनी विचारलं नाही. नलूताईंनी वाफाळती बादली मोरीत ठेवली, दार लोटलं आणि समोर येऊन बसल्या.

‘त्याला थंडी वाजते,’ म्हणाल्या.

सरांनी मोरीच्या दाराकडे पाहिलं.

‘रोज येतो. अकराच्या सुमाराला...’

मोरीत तांब्या वाजला.

सर मला म्हणाले, अवधूत, मला वाटलं शेजारची मोरी असेल. मग दुसरा तांब्या. पाणी लादीवर पडल्याचा आवाज वेगळा, अंगावर पडल्याचा वेगळा. हे अंगावर पडत होतं.

खोलीत गारठा आला. गिरगावात... बंद खोलीत... सरांच्या तोंडातून वाफ निघायला लागली.

‘एकच विचारतो,’ नलूताई म्हणाल्या. ‘सरांनी मला मोजलं का?’

...

‘मी काय सांगू त्याला, सर?’

‘आवाज आला होता, ताई. यादीत टिक आहे. कुणीतरी...’

‘सौमित्रनं नंबर मारला. माहितीये मला. महिन्याभरातच येऊन गेला तो. ह्या उंबऱ्यावर बसून रडला. जेवायला घालून पाठवला मी त्याला. चौदा वर्षांचं पोर आलं, सर. मी तुमची वाट बघत होते.’

तांब्या थांबला.

सर उठले. मोरीच्या दारासमोर उभे राहिले.

‘नाही मोजलं,’ म्हणाले. ‘मी मान वर केलीच नाही, बाळा. तुझी चूक नव्हती. माझी होती.’

आत काही नाही...

मग सर मोजायला लागले. एकटेच. नजर दारावर. एक. दोन. तीन. बावीसपर्यंत आले. पुढचा आकडा तोंडातून निघेना.

आतून आवाज आला.

‘तेवीस.’

फुटलेला आवाज. नववीतल्या पोरांचा असतो तसा.

नलूताईंनी पदर तोंडात कोंबला. सरांनी अडतीसपर्यंत मोजलं. मग म्हणाले, ‘सगळे आले.’

दार ढकललं. आत कुणी नव्हतं.

त्या रात्रीनंतर तो आला नाही. सरांना वाटलं, सुटला पोरगा. आपणही सुटलो. पुढे एकदा भेटायला गेले, तर नलूताई म्हणाल्या, ‘तुम्ही मोकळं केलंत त्याला, बरं केलंत. पण सर, मला तो रोज भेटायचा हो.’

गेल्या मे महिन्यात मी गेलो होतो. ते वाक्य मी टाइप केलं हे सांगायला. बाईंनी ऐकून घेतलं, मोरीचं दार तेवढं उघडून दाखवलं. आतली एक लादी, दोन पावलं मावतील एवढी, तो उभा राहायचा तिथली. बाकीची मोरी उकाड्यानं कोमट. त्या लादीवर त्यांनी माझ्यासमोर उकळतं पाणी ओतलं. वाफ निघाली नाही.

रात्री त्या तिथेच पाट टाकून बसतात, लादीवर हात ठेवून. बर्फ आहे नुसता. मी हात लावलाय.